वाचायची प्रत

सोमवारी सकाळी सव्वादहाला, चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत, बायकोचा मेल आला आणि त्यातल्या दोन शब्दांनी त्याच्या दिवसाचा पार विचका केला. शब्द तरी कसले, अगदी साधे. 'अहो, पुस्तक झालं एकदाचं. तुमच्यासाठी पीडीएफ पाठवतेय, छापखान्यातल्या मशीनवर नक्की उघडेल. नुसती वाचा.' नुसती वाचा! लहान मुलाला काचेच्या भांड्यांच्या दुकानात नेताना बजावतात तसं, नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. त्याने मेल खाली सरकवला. सरकवला नसता तर बरं झालं असतं, कारण खाली तिचा आणि संपादकाचा सगळा पत्रव्यवहार तसाच लटकत होता. पुढे पाठवताना तिने तो पुसला नव्हता. पुसण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नसावं. संपादकाने लिहिलं होतं, 'सिस्टर, एकशे बाराव्या पानावरचा मजकूर मी तीनदा वाचला. तिथे मी हात लावलेला नाही. तुम्हीही लावू नका.' त्यावर तिचं उत्तर होतं, 'ते मी फार पूर्वी एकांना लिहिलं होतं. त्यांना ते वाचता आलं नाही. बाकीच्या पुस्तकाची उघडी फाइल पुन्हा पाठवतेय, वाटेल तिथे खुशाल हात घाला.' त्याने हे दोनदा वाचलं. चहा तसाच राहिला. म्हणजे त्या माणसाला उघडी फाइल, हवं ते खोडा, हवं ते घाला, आणि लग्नाच्या नवऱ्याला बंद. शिवाय हे 'एक' कोण? फार पूर्वी म्हणजे केव्हा? त्याच्याही आधी?

आता खरं सांगायचं तर उघड्या आणि बंद फायलींतला फरक त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. छापखान्याच्या दारावर गिऱ्हाइकांसाठी जो कागद चिकटवलेला होता, तो त्यानेच लिहिलेला. वाचायला पाठवायची असेल तर पीडीएफ पाठवा, दुरुस्तीला पाठवायची असेल तर उघडी फाइल पाठवा, आणि काहीही पाठवण्याआधी समोरच्याच्या मशीनवर काय उघडतं ते विचारून घ्या. मालकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला होता. एकोणतीस वर्षं तो इथे मुद्रितशोधक होता. वार्षिक अहवाल, संस्थांची नियमपुस्तकं, औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबतात त्या चिठ्ठ्या, सगळं त्याच्या नजरेखालून जाई. छापखान्यात त्याला पेन्सिलराव म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडे. त्याच्या खणात जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, बरोबर एका ओळीएवढी खिडकी पाडलेला. हा पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि ओळीओळीने खाली सरकवायचा. वरची ओळ दिसत नाही, खालची दिसत नाही, समोर असते ती फक्त एक ओळ. त्याला हे काम शिकवणारे म्हातारे शोधक म्हणायचे, 'वाचू नकोस रे बाबा, बघ. वाचायला लागलास की गोष्टीत गुंतशील आणि चूक पळून जाईल.' त्याने हे असं काही अंगी बाणवलं होतं, की एका संस्थेच्या अहवालात त्याच्याच सख्ख्या मामाला वाहिलेली श्रद्धांजली तपासून त्याने पाठवून दिली, आणि मामा गेल्याचं त्याला संध्याकाळी घरी कळलं. छापखान्यात अजून ही गोष्ट हसून सांगतात. तोही हसतो.

तीही अशाच एका कामासाठी छापखान्यात आली होती. हॉस्पिटलची पुस्तिका होती, नवजात बाळाला आंघोळ कशी घालावी. तिने लिहिलेली. चोवीस वर्षांची, लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. सगळं जग तिला सिस्टर म्हणे. त्याने मजकुराच्या कडेला केलेल्या खुणा बघून ती म्हणाली, 'अगंबाई, मी एवढ्या चुका केल्या?' आणि तो म्हणाला, 'चुका नाहीत हो, सवयी आहेत.' पुढे त्याच्या लक्षात आलं की ती दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येते. मग एकदा तिचं पत्र आलं, चार पानी, पाठपोट, घाईत लिहिलेलं. ही गोष्ट तो पुढे पाहुण्यांना किती रंगवून सांगे! 'लोक पत्राचं उत्तर देतात. मी ते तपासून परत दिलं. एकूण एकतीस खुणा. ही बया पाच मिनिटं बघतच राहिली, मग म्हणाली, हो, आता वाचायला सोपं झालं. म्हटलं, जमलं!' पाहुणे हसत. तीही हसे, कपबशा उचलता उचलता. पत्रात काय होतं ते मात्र त्याला धड आठवत नव्हतं. वॉर्डातलंच काहीतरी. त्यानंतर सव्वीस वर्षं तिने लिहिलेली ओळ न् ओळ त्याच्या पेन्सिलीखालून गेली. रजेचा अर्ज, मुलाच्या शाळेला चिठ्ठी, नणंदेला पाठवायचं सांत्वनाचं पत्र, निवृत्त होणाऱ्या मेट्रनच्या सत्कारातलं भाषण. ती कागद पुढे करी, तो चष्मा पुसे. हा त्यांचा संसार होता म्हटलं तरी चालेल.

आणि मग गेल्या वर्षी वॉर्डातल्या आठवणी लिहायचं तिच्या मनाने घेतलं, आणि घरात 'ते' शिरले. 'ते म्हणतात, तुम्ही बोलता तसंच लिहा.' 'ते म्हणतात, लांब वाक्य असू दे, धाप लागते ते बरंच आहे.' धाप लागते ते बरं? छत्तीस शब्दांचं वाक्य, त्यात दोनदा 'आणि मग', आणि हे बरं? तो जेवताना मान खाली घालून ऐके आणि घास मोजून चावे. फोनवर ती त्या माणसाशी बोलायला लागली की आधी उभी असे, मग टेकत असे, मग पाय वर घेऊन बसे, आणि पाय वर घेतले की समजायचं, पाऊण तास गेला. एकदा तिला त्याने सहज म्हणून विचारलं, 'काय एवढं हसायला येत होतं?' ती म्हणाली, 'काही नाही हो, माझंच एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं.' तिचंच वाक्य! दुसऱ्याच्या आवाजात! त्या दिवशी तो उगाचच बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांची वाळत घातलेले कपडे बघत बसला. आपल्याला मत्सर वाटतोय हे त्याला तेव्हाही कळत होतं. चोपन्नाव्या वर्षी, एका संपादकाचा. हसू यावं अशीच गोष्ट, पण हसू येत नव्हतं.

'काय काका, चहा गार झाला,' शेजारच्या टेबलावरून ऑपरेटरबाई म्हणाली. छापखान्यातली अक्षरजुळणी आणि पानं लावायचं काम ती करी; स्वभावाने मोकळी, तोंडाने त्याहून मोकळी. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. 'बघ, तुझ्या काकूने पुस्तक पाठवलंय. मला पीडीएफ, आणि त्या महाशयांना उघडी फाइल.'

'मग बरोबरच केलं की त्यांनी! उघडी पाठवली असती तर तुमच्या या डबड्यावर नुसते चौकोन दिसले असते. पीडीएफ कुठेही उघडते. दारावर तुम्हीच नाही का लिहून ठेवलंय?'

'दारावरचं गिऱ्हाइकांसाठी आहे.'

'अय्या, म्हणजे काकूंना वेगळा नियम?' ती हसली. मग त्याचा चेहरा बघून तिने हसू आवरतं घेतलं, आणि समजूत काढावी तशी संपादकाचं नाव टाइप करून त्याचा फोटोच शोधून दिला. 'हे बघा तुमचे महाशय.'

पंच्याहत्तरीचा माणूस. डोक्यावर एक केस नाही, कानात ऐकायचं यंत्र, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ऑपरेटरबाईला वाटलं काकांना हायसं वाटेल. पण झालं उलटंच. देखणा, चाळिशीतला, नाटकातल्यासारखा कुणी असता तर त्याला निदान समजलं असतं की हा काय प्रकार आहे, चार दिवस रागावता आलं असतं, भांडता आलं असतं. या म्हाताऱ्याकडे होतं काय? पेन्सिल. तीही त्याच्यासारखीच. म्हणजे तिला कंटाळा पेन्सिलीचा आलेला नव्हता. फक्त या पेन्सिलीचा आला होता.

त्याने बाकीची कामं बाजूला सारली आणि फाइल उघडली. एकशे चाळीस पानं. सरळ एकशे बारावर जावं, असं कुणालाही वाटलं असतं, त्यालाही वाटलं. बोट पान बदलायच्या बटणापर्यंत गेलंही. पण एकशे बारावर ते 'एक' बसलेले होते. कुणी डॉक्टर असेल. वॉर्डात तेव्हा एक तरुण डॉक्टर होता, लग्नाला आला होता, मोठा फुलांचा गुच्छ घेऊन, आणि ती त्याच्याशी बोलताना सारखी पदर सावरत होती असं त्याला आत्ता, सव्वीस वर्षांनी, लख्ख आठवायला लागलं. म्हणून तो स्वतःला म्हणाला, 'काम ओळीने करायचं, पहिल्या पानापासून.' खणातून पुठ्ठा काढला, पडद्यावर टेकवला आणि बघायला लागला. बंद फाइलवर खूण करता येत नव्हती. वेगळी यादी करावी लागणार होती. त्याने छापखान्याच्या रोजच्या फॉन्टमध्ये, ज्याच्या कळा त्याच्या बोटांना वीस वर्षं पाठ होत्या, यादी लिहायला घेतली. पान चार, ओळ नऊ. पान सात, ओळ दोन. चुका सापडत गेल्या तसं त्याला बरं वाटायला लागलं. अरे, ही तर अजून तिथेच अडखळते! ही सवय तर त्या बाळाच्या आंघोळीपासूनची! आणि हे त्या महाशयांना दिसलं नाही, तीनदा वाचतात म्हणे! पुठ्ठ्याच्या खिडकीतून शब्द जात होते, खाटा, सलाइनच्या बाटल्या, कुणाची तरी आई जिन्यात बसलेली, पण तो कशात गुंतला नाही. जेवणाचा डबा त्याने उघडला नाही. तीन वाजता तो शहाण्णवाव्या पानावर होता आणि यादीत त्रेचाळीस चुका जमल्या होत्या.

इथे थांबून तो घरी गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मत्सराचं नुसत्या चुकांनी पोट भरत नाही. त्रेचाळिसाव्या चुकीखाली त्याने 'सर्वसाधारण शेरा' असं लिहिलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. 'लेखिकेला लिहिण्याचा सराव नाही. ज्यांनी तिचं कौतुक केलं त्यांनी तिचा गैरसमज करून दिला आहे. मी सव्वीस वर्षं तिचं लेखन सुधारत आलो आहे; माझ्या हाताखालून गेल्याशिवाय ते छापण्याच्या लायकीचं नसतं, हे मी नवरा म्हणून नाही तर शोधक म्हणून सांगतो.' वाचून बघितलं. एकही चूक नव्हती. पत्रव्यवहारात संपादकाचा पत्ता होताच. एकशे बारावं पान राहिलं होतं, पण ते आता बघायचं नाही असं त्याने ठरवूनच टाकलं, आणि यादी पाठवून दिली. छातीत एकदम मोकळं वाटलं. ऑपरेटरबाईला तो म्हणाला, 'चल, मी पाजतो चहा.'

उत्तर साडेचारला आलं. 'नमस्कार. आपण पाठवलेली फाइल उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसते कंस, टिंबं आणि परकी चिन्हं दिसतात. बहुधा आपल्याकडचा जुना फॉन्ट माझ्याकडे नाही. आपल्यासारख्या अनुभवी शोधकाचं मत वाचायची फार उत्सुकता आहे. सिस्टरांना ही फाइल पाठवतो आहे, त्यांच्याकडे उघडते का पाहू. नाहीतर कृपा करून पीडीएफ पाठवावी.' पहिल्यांदा त्याला रागच आला. दारावर लावलेला नियम त्यानेच मोडावा आणि तो या म्हाताऱ्याने इतक्या अदबीने त्याच्या पदरात घालावा! मग त्याने 'सिस्टरांना' हा शब्द पुन्हा बघितला. जगात कुणाच्याही मशीनवर ती फाइल कचरा दिसली असती. एक सोडून. चार वर्षांपूर्वी एका रविवारी, छापखान्याचं काम घरी बघता यावं म्हणून, घरच्या लॅपटॉपवर हा फॉन्ट त्यानेच टाकला होता. आणि आज तिची सुट्टी होती.

त्याने फोन लावला. लागत नव्हता, ती दुसऱ्याशी बोलत होती. पुन्हा लावला. दुसऱ्याशीच. आणि एवढ्या सगळ्या घाबरण्यात त्याच्या मनात आलं, पाय वर घेऊन बसली असेल. स्वतःचीच त्याला किळस आली. पिशवी उचलून तो निघाला. रस्त्यात प्रत्येक सिग्नल त्याला नेमका लाल लागला. एका चौकात बस उभी होती तेव्हा तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता, अगं ते तुझ्यासाठी नव्हतंच, अगं ती भाषा कामाची असते, अगं तू कशाला उघडलीस. आणि प्रत्येक वाक्यात त्याला चूक सापडत होती.

दार उघडंच होतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पाय खाली, चष्मा लावलेला. लॅपटॉपवर त्याची यादी होती, स्वच्छ, ठसठशीत, एकेक मात्रा जागच्या जागी.

'उघडली,' ती म्हणाली. 'तुमचीच अक्षरं. माझ्याकडे उघडणारच.'

'अगं, मी ते...'

'बसा आधी. दमलात.' ती खरोखरच उठली आणि त्याला पाणी आणून दिलं. 'त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बरोबर आहेत. मी एकेक ताडून बघितली. त्यांना मी फोनवर सांगितलं, हे म्हणतात ते खरं आहे, एवढं दुरुस्त करून टाकू. शेवटचा शेरा नाही वाचून दाखवला.'

त्याने पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं.

'उघडी फाइल मुद्दामच नव्हती पाठवली. मशीनवर उघडली असती तरी नसती पाठवली,' ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असतो तसा होता. 'वाटलं, खुणा करता आल्या नाहीत तर एकदा तरी वाचाल. तुम्ही बंद फाइलसुद्धा तपासलीत.' मग तिने विचारलं, 'एकशे बारावर नाही का काही सापडलं?'

'तिथवर गेलोच नाही.'

'का?'

'ते एक कोण, म्हणून,' तो म्हणाला. आणि एवढं तोंडातून गेल्यावर बाकीचंही गेलं. 'तो गुच्छवाला डॉक्टर ना?'

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, अगदी नको असताना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्हींतलं आधी काय आवरावं ते तिला कळेना. तिने यादी बंद केली, पुस्तक उघडलं, पान काढलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याचा हात सवयीने पिशवीकडे गेला, पुठ्ठ्यासाठी. मग त्याने तो हात मांडीवर ठेवला.

पानभर एकच परिच्छेद होता. चोवीस वर्षांच्या नर्सच्या पाळीत पहिल्यांदाच एक मूल जातं. पाच वर्षांची मुलगी. तिने आल्याच्या दिवसापासून हट्ट धरलेला असतो, चपला खाटेखाली बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे सुट्टी झाली की लगेच पायात घालता येतील. नर्स रोज चपला तशा ठेवते. मुलगी जाते, आई तिला घेऊन जाते आणि चपला तिथेच राहतात, बाहेर तोंड करून. नर्स त्या उचलू शकत नाही. ती जिन्यात बसून एका माणसाला पत्र लिहिते, ज्याच्याशी आपण लग्न करू असं तिला नुकतंच वाटायला लागलेलं असतं, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगावं ते तिला सुचत नाही. चार दिवसांनी तो तिला पत्र परत देतो. 'चपला' या शब्दाभोवती पाच ठिकाणी गोल केलेला असतो आणि कडेला सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं, पुनरुक्ती टाळावी. 'मी ते पत्र ठेवून दिलं,' पुढे लिहिलं होतं. 'खुणा फार काळजीपूर्वक केलेल्या होत्या. एवढी काळजी म्हणजे प्रेमच असणार, असं मी ठरवलं. अजूनही तसंच धरून चालते.'

तो खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. तो गोल त्याला आठवला. पेन्सिल कुठली होती तेसुद्धा आठवलं. चपला तेवढ्या आठवेनात. पाहुण्यांच्या हसण्यात कपबशा उचलणारे तिचे हात आठवले, एकदा, दोनदा, किती वर्षं. बाहेर उजेड कमी झाला होता. समोरच्या इमारतीतून कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारली.

'तिचं नाव काय होतं?' त्याने विचारलं. 'पुस्तकात नाहीये.'

'मुद्दाम नाही घातलं.' ती नखाने टेबलावरचा एक डाग खरवडत होती. 'त्यांनीही विचारलं होतं. पहिल्याच फोनला.'

त्याला पुन्हा तोच मत्सर वाटला, इतकं सगळं वाचून झाल्यावरसुद्धा. 'सांगितलंस?'

'नाही.'

त्याला आनंद झाला. अगदी लाज वाटावी इतका आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण तिने डागावरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ.

'मला सांगशील?' तो म्हणाला.

'सांगेन की,' ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला. 'आज नाही.'